'दो रुपया'

नोटा जमवणाऱ्याला विचारू नये, अमुक नोट कुठून आणलीस. मला मागच्या महिन्यात विचारलं गेलं, दादरला आम्हा संग्राहकांच्या बैठकीत. मी म्हणालो, "वडिलांची." वडिलांच्या हातात एकही नोट कधी महिनाअखेरपर्यंत टिकली नव्हती.

ती नोट मावशींची. लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत त्या राहतात. स्वातंत्र्यानंतर नोटांवरचा राजा गेला, अशोकस्तंभ आला. त्या सुरुवातीच्या दोनच्या नोटांवर हिंदीत 'दो रुपया' असं चुकीचं छापलं गेलं; पुढे सुधारून 'दो रुपये' केलं. आम्ही वेडे त्या चुकीच्याच मागे. मावशींना व्याकरणाशी काय कर्तव्य! सासऱ्यांनी गिरणीच्या पगारातून राखलेली ती नोट दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर असायची, हळदकुंकवाने माखलेली.

अकरा वर्षांपूर्वी ती घडीवर फाटायला लागली, तेव्हा मावशींनी आपणहून माझ्या हातात दिली. "तू नोटांतलो माणूस. प्लास्टिकात घालून दी."

मी फोर्टच्या फुटपाथवरून तशीच एक जुनी नोट आणली, पण 'दो रुपये'वाली. घरी तिला हळदकुंकू लावलं, जुनं वाटावं म्हणून बोटाने जरा पुसलंही, आणि तीच प्लास्टिकात घालून नेऊन दिली. मावशींनी ती कपाळाला लावली आणि मला डबाभर करंज्या दिल्या. मी त्या खाल्ल्या. चोरीपेक्षा हे लिहायला जड जातंय.

वडिलांचं नाव घेऊन खोटं बोललो, त्यानंतर मात्र राहवेना. गेलो. खरी नोट पुढे ठेवून सगळं सांगून टाकलं.

मावशींनी नोट उलटसुलट करून पाहिली.

"हिका पुजलंस काय रे कधी?"

"नाही. अल्बममध्ये होती."

"आणि मी त्या दुसरीक अकरा वर्षां हळदकुंकू लावतंय. आता तीच आमची लक्ष्मी. ही घेवन काय करू?"

"पण मावशी, ही तुमच्या सासऱ्यांची..."

"ता तुका तेव्हा ठावक नव्हता?"

त्यांनी नोट बोटाने माझ्याकडे सरकवली आणि तांदूळ निवडायला घेतले. चहाचं त्यांनी विचारलं नाही. त्या घरातून चहा न घेता मी आजवर कधी उठलो नव्हतो.