पाटी नसलेले चित्र

राजाजीनगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, तेव्हापासून मी श्री. शामराव काटकरांना ओळखतो. कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नव्या सभागृहासाठी त्यांनी स्वतः रंगवलेले एक चित्र भेट दिले. मी नवा चिटणीस. चित्रावरचे कापड मीच काढले. राखाडी, मातकट रंग, मध्ये एक पिवळा पट्टा. माणूस नाही, झाड नाही, देव तर नाहीच.

जो तो मलाच विचारी, "हे काय आहे?" चिटणिसाला उत्तर यायलाच हवे, या समजुतीने मी आपल्या मनाने पाटी ठोकली: 'बेळ्ळंदूर तळ्यावरील पहाट'. सगळे खूश. पाटी वाचत, मान डोलावत आणि पुढे जात.

आठवड्याने शामराव आले. लहानथोर सारे त्यांना अण्णाच म्हणतात. रागावले नाहीत. पाटी काढून त्यांनी माझ्या हाती दिली आणि चित्रासमोर एक खुर्ची ठेवली.

"स्वल्प, जरा बस. काय दिसतंय ते सांगू नको. नुसतं बस."

प्रथम चुळबुळ केली. मग तो पट्टा कधी उजाडण्याचा वाटे, कधी मावळतीचा. तेव्हा माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. "बरे होतील," असे मी घरात ठणकावून सांगत असे. त्या खुर्चीवर मी प्रथमच अण्णांपाशी कबूल केले, की मला ठाऊक नाही. आणि रडलो.  पुढे महिनाभर अण्णा लांबच्या येलहंक्याहून सायकलने येऊन वडिलांपाशी बसत.

कार्यकारिणीने बजावले, पाटी लावा, नाहीतर चित्र उतरवा.

"सरी, ठीक आहे, उतरवा," अण्णा म्हणाले. "नाव दिलं की माणूस बघायचं सोडतो. नाव मी देणार नाही."

दोन वर्षे चित्र अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. लोक हसत, अण्णा रोज सकाळी तसेच रंगवत राहिले. अखेर त्या खुर्चीवर बसून गेलेल्या सभासदांनीच हट्ट धरून ते परत लावून घेतले.

आता अण्णांच्या साठीनिमित्त कार्यकारिणीला त्याखाली पितळी पाटी हवी आहे. नाव मी सुचवायचे. चिटणीस अजून मीच आहे, आणि मी लेखी कळवले आहे, की पाटी लागणार नाही. चिटणीस बदलायचा तर खुशाल बदला.

अण्णा, आपणांस निरोगी शंभर वर्षे लाभोत आणि हात असाच चालता राहो. आपली खुर्ची जागेवर आहे. पहिली पाटी माझ्या कपाटात आहे. दुसरी मी होऊ देणार नाही.