वाटेवरच्या काट्या

आमच्या तांड्याच्या वाटेवर बोरीच्या काट्या मीच टाकल्या होत्या. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात बाहेरचं माणूस आत येऊ द्यायचं नाही असं ठरलं आणि कारभारी म्हणून राखण माझ्याकडे आली. काट्या रचून जगदंबेला हात जोडले, "याडी, आई, तू सांभाळ." पण माझा खरा भरवसा काट्यांवरच होता.

लेक सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. तिला घाटंजीच्या दवाखान्यात जायचं होतं. मी म्हणालो, "दवाखान्यात बिमारी हाये. तू बी याच घरात झालतीस." पोर एवढंच म्हणाली, "बा, मायचे दोन गेले, तेही याच घरात ना?" तिच्या आईनं चुलीकडे तोंड फिरवलं. मी ती दोन बाळं विसरलो नव्हतो. विसरल्यासारखा वागत होतो.

उपकेंद्रातल्या नर्सबाई तिला तपासायला आल्या. त्यांना मी काट्यांपलीकडूनच परतवून लावलं. "काका, मले अडवलं, कळा कशा अडवसान?" असं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताचं डोकं भयंकर दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला काही सुचेना. देवळाच्या पायरीवर कपाळ टेकलं. "याडी, माझं शहाणपण संपलं. आता तूच ये." उठतो तोच वाटेवरून हाक आली, "ओ कारभारी! काट्या काढता का मी उडी मारू?" कालच्याच नर्सबाई होत्या, मागे दवाखान्याची गाडी. काल परत जाताना त्यांना दारात उभ्या सुनीताचे सुजलेले पाय लांबून दिसले होते. "घरी गेली, पण घास उतरला नाही," म्हणाल्या.

मी नुसत्या हातांनी काट्या ओढल्या. सुनीताचा रक्तदाब फार वाढला होता. गाडी थेट यवतमाळला गेली, सिझर झालं आणि दुपारी मला नात झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याबाहेर बायको सुईनं माझ्या तळहातातले काटे काढत होती. म्हणाली, "एखादा राहू द्यू का, आठवणीले?"

आईला 'ये' म्हणणारा मीच होतो आणि तिच्या वाटेवर काट्या टाकणाराही मीच. तरी ती आली. ती कोणाच्या पायांनी येईल, हे आता मी ठरवत नाही. दर वर्षी नातीच्या वाढदिवसाला लापशीचा पहिला द्रोण याडीपुढे ठेवतो आणि दुसरा नातीच्या हाती देऊन तिला उपकेंद्रात घेऊन जातो.