सत्तावीस टक्क्यांवर थांबलेलं मशीन

इंद्रकुमार पटले सडक अर्जुनीला हायवेलगतच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल आणि आता कॉम्प्युटर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या वस्तू उघडण्यात गेली होती. आताशा गुडघा दुखायचा आणि कुणी "अपडेट अडकलं" म्हटलं की त्याला बसल्या जागी थकवा यायचा.

त्या बुधवारी भाग्यश्री मडावीचा फोन आला. जंगलाकडच्या तिच्या गावात ग्रामसभेचं एका खोलीचं ऑफिस होतं आणि तिथला एकुलता एक कॉम्प्युटर तीच सांभाळायची. मशीन तीन दिवसांपासून सत्तावीस टक्क्यांवर थांबलं होतं. बंद करू नका असं पडद्यावर लिहिलेलं, म्हणून तिनं केलं नव्हतं. लाइट गेली तर घात होईल म्हणून शेजारच्या घरून इन्व्हर्टरची वायरसुद्धा ओढून आणली होती.

तिची काळजी उगाच नव्हती. गावाच्या वनहक्काच्या दाव्यासाठी तिनं दोन वर्षं घरोघर फिरून पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब रेकॉर्ड केले होते. मोह कुठं वेचायचे, तेंदूपत्ता कोणत्या बाजूनं आणायचे, देव कोणत्या झाडाखाली बसतो, सगळं त्यांच्याच आवाजात. ते सारं या मशीनमध्ये होतं.

इंद्रकुमार मोटरसायकलनं पोचला तेव्हा वनहक्क समितीचे अध्यक्ष बिसराम उईके दारातच बसले होते. तो सरळ आत गेला. त्यानं प्रिंटर काढला, अंगठ्याचं मशीन काढलं. कधी कधी अशा जोडलेल्या वस्तूपायीही अपडेट अडतं. पडदा हलला नाही. मग त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. आत टिक, मग शांतता, मग पुन्हा टिक.

हा आवाज हार्ड डिस्कचा होता, आणि ही डिस्क उन्हाळ्यात, मरायला टेकलेल्या आधीच्या डिस्कवरचं सगळं उतरवून, त्यानंच बसवली होती. कुठल्याशा जुन्या मशीनमधून काढलेली. तपासताना तिच्यावर धोक्याची खूण आली होती. पण नागपूरहून नवी आली नव्हती, चार गावची माणसं दुकानात खोळंबली होती, आणि तो कंटाळला होता. "चालते," एवढंच तो भाग्यश्रीला म्हणाला होता.

त्यानं बटण दाबून धरलं. मशीन बंद झालं तशी भाग्यश्री दचकून उठली. अपडेट आता विसर, पहिले तुझ्या फायली काढू, असं त्यानं तिला समजावलं. डिस्क सोडवून त्यानं आपल्या लॅपटॉपला जोडली आणि एकेक जबाब उतरवायला घेतला. डिस्क मध्येच थबकायची, पुन्हा चालायची. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत तिघंही त्या पडद्यासमोर बसून होते. एकसष्ट जबाबांपैकी बावन्न आले. नऊ आले नाहीत. त्या नऊपैकी सहा माणसं गावातच होती. तीन वारली होती, आणि त्यातली एक बिसरामची माय होती.

बिसरामनी विचारलं, "काऊन असं झालं जी? अपडेटनंच खाल्लं ना?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. गावोगावी लोक हेच म्हणायचे आणि इंद्रकुमार मान हलवायचा. आज मान हलेना.

"नाही जी. अपडेट तं लिहाले जागा शोधून राहिलं होतं. डिस्कच खराब होती. मीच टाकली होती. मले तवाच माहीत होतं."

भाग्यश्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तवा सांगितलं असतं तं मी पेनड्राइव्हवर ठेवलं असतं."

ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि चहा न घेता निघाला.

दोन दिवसांनी तो नवी डिस्क घेऊन न बोलावता आला. या खेपेला अपडेट मुकाट्यानं पूर्ण झालं, कुणाचं लक्षही गेलं नाही. जबाबांची प्रत दुसरीकडे आपोआप कशी ठेवायची, हे त्यानं भाग्यश्रीला दोनदा करून दाखवलं. तिनं मन लावून पाहिलं, पण पूर्वीसारखं इंद्रभाऊ म्हणून हाक मारली नाही.

सहा जणांचे जबाब तिनं पुढच्या काही दिवसांत पुन्हा घेतले. मायचा जबाब बिसराम स्वतः सांगायला बसले, तेव्हा इंद्रकुमार पुन्हा आलेला होता, कोपऱ्यात प्रिंटरची वायर लावत होता. माय कोणत्या वाटेनं जायची, कोणत्या नाल्यावर पाणी प्यायची, ते आठवून आठवून सांगत होते आणि भाग्यश्री या वेळी रेकॉर्डिंगसोबत वहीतही लिहून घेत होती. एका जागी ते थांबले.

"याच्या पुढचं मायलेच माहीत होतं," ते म्हणाले.

भाग्यश्रीनं तिथं एक ओळ कोरी सोडली आणि पुढचा नाला कोणता, ते विचारलं.