कळव्याच्या खाडीतला लाल ठिपका

बाबांनी आयुष्यभर जलरंगात निसर्गचित्रं काढली आणि एकही घरात राहू दिलं नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना आहेराचं वेगळं बजेट कुठलं? लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, फ्रेम केलेली कळव्याची खाडी ठरलेली. प्रत्येक चित्रात काठावर एक लाल ठिपका असायचा. ती माझी आई. बाबा रंगवायला बसले की ती डबा घेऊन समोरच्या दगडावर बसायची आणि मी तिच्या मांडीवर पेंगायचे. आता आई नाही. बाबांचा हात थरथरतो, म्हणून ब्रश माळ्यावर गेलेत. सगळ्या नात्यागोत्याच्या भिंतींवर आई आहे, फक्त आमच्या नाही.

"एखादं परत मागूया का?" मी विचारलं.

"दिलेला आहेर परत मागतात का गं?" बाबा म्हणाले. विषय संपला.

मग मी दुसरा घाट घातला. त्याच जागी जायचं, फोटो काढायचा, फोनमध्ये त्यावर वॉटरकलर इफेक्ट टाकायचा आणि मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावायचा. बाबांना हे अजिबात पटलं नाही, पण रविवारी माझ्याआधी बूट घालून तेच तयार होते.

डोंबिवलीहून जाणार असाल तर मोठागावच्या पुलावरून जा, ठाणे आता बरंच जवळ वाटतं. मात्र सकाळी लवकर निघा. उन्हं चढली की खाडीचं पाणी नुसतं पांढरं दिसतं आणि फोटोत काही उरत नाही. ठाण्यात मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागवा असं मी बाबांना बजावलं होतं. त्यांनी ऐकलं नाही आणि कळव्याचा पूल येईपर्यंत ते नाक पुसत होते.

खाडीकाठी गाडी लावायला धड जागा नाही, थोडं चालावं लागतं. बाबांची जागा काही सापडेना. जिथे तिथे तिवरं आणि त्यांच्या मागे टॉवर. एका बंगल्यासमोर उभे असलेले स्थानिक काका आमची शोधाशोध बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कनचा फोटो कारताव?"

बाबांनी जुनी जागा सांगितली.

"तिथं आमचं मिठागर व्हतं. आता तिवरंच तिवरं. पण दगर हाय अजून, या."

दगड खरंच होता. पलीकडे पारसिकचा डोंगर तसाच. बाबांनी दगडावरची वाळकी पानं हाताने झाडली.  मग मी फोन काढला तर म्हणाले, "तू नको काढूस. तू तिथे जाऊन बस." मी लाल ओढणी घेऊनच आले होते. त्यांनी फोन कठड्यावर टेकवला, दोन्ही हातांनी धरला आणि फोटो काढला.

गाडीत बसल्या बसल्या इफेक्ट टाकला. आकाश झकास, पाणी तर अगदी ओल्या कागदावर पसरल्यासारखं. आणि दगड रिकामा! ही गंमत लक्षात ठेवा: इफेक्टमधला ब्रश मोठा ठेवला की लहानसहान गोष्टी तो आसपासच्या रंगात मिसळून टाकतो. ब्रश लहान केला तर मी परत आले, पण चित्राचा पुन्हा फोटो झाला. चित्र हवं तर माणूस नाही, माणूस हवा तर चित्र नाही. परतीच्या वाटेवर मी त्या इफेक्टला नावं ठेवत होते आणि बाबा खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी चहा झाल्यावर तेच म्हणाले, "यात बोटाने रंग देता येतो का?"

मी मोठ्या ब्रशचं चित्र उघडलं, लाल रंग निवडून दिला. बाबांनी चष्मा सारखा केला. आईच्या आजारपणानंतर त्यांना रंगाला हात लावताना मी पहिल्यांदाच बघत होते. बोट थरथरत खाली आलं आणि दगडावर लाल ठिपका उमटला. उचलता उचलता ते पुन्हा टेकलं. पहिल्याला चिकटून आणखी एक बारकासा ठिपका.

"थांबा, दुसरा पुसते," मी म्हटलं.

"पुसू नकोस," बाबा म्हणाले. "तू होतीसच की तिच्या मांडीवर. इतकी वर्षं मीच काढत नव्हतो."

प्रिंट आता आमच्या हॉलमध्ये आहे. लांबून बघितलं तर खरंच जलरंग वाटतो, जवळ गेलं की कळतं. मला जवळ जाऊनही आईच दिसते, आणि ती दिसली की ती हवी होती असं पोटातून वाटतं. ते काही कमी झालेलं नाही.

परवा आत्या आली, चित्र बघून हरखली. पुढच्या महिन्यात तिच्या मुलाचं लग्न आहे.

"आहेराला काय देतोयस रे दादा?" तिने चित्राकडे बघतच विचारलं.

"कुकर," बाबा म्हणाले.