कोबीची पानं

सकाळपासून पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. जेपारा या कोरीवकामाच्या गावातल्या आमच्या गल्लीत सागाची भुकटी अशी उडत होती की समोरच्या म्हाताऱ्याची विडी दिसे, म्हातारा दिसत नसे. म्बाक कस्मिराने, म्हणजे आमच्या कस्मिराताईने, डोक्याचा रुमाल नाकावर ओढला, कोरायच्या यंत्राच्या रुळांना तेल दिलं, फळी आवळली आणि नवी फाईल सुरू केली. मशिदीच्या मिंबराची, म्हणजे प्रवचनाच्या लाकडी व्यासपीठाची, बाजू कोरायची होती. मी पलीकडे पॉलिश घासत होतो.

अर्ध्या तासात यंत्र थांबलं.

"हे पान? ही तर कोबी आहे, कोबी!"

तिचं वय एकोणपन्नास. पंधराव्या वर्षी पटाशी धरली ती मनगट कामातून जाईपर्यंत सोडली नाही. मग मालक काजी मुन्दाकीरनी (हज करून आलेल्याला आमच्याकडे काजी म्हणतात) तिला संगणकापुढे बसवलं. अकरा वर्षांत तिने तीनशेवर वेलपानं काढली. पुढे त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने गाशा गुंडाळला, जुना संगणक भुकटी गिळून मेला आणि नवं यंत्र जुन्या फाईलींकडे ढुंकूनही बघेना. पानं हिची, कुलूप परक्याचं! शेवटी काजींनी सगळ्या फाईली नव्या यंत्राला कळतील अशा करायला सेमारांग शहरातल्या युधांतो नावाच्या माणसाकडे दिल्या.

आमच्याकडे पान कोरून झालं की त्याच्या पोटातून केसासारख्या बारीक रेघा सोडतात. पेचाहान म्हणतात त्यांना. कुणाच्या हातचं पान, ते त्या रेघांवरूनच कळतं. फळीवरच्या पानांत एकही रेघ नव्हती.

तिने स्पीकर चालू करून युधांतोला फोन लावला. इतकी ओरडत होती की फोन नसता तरी सेमारांगला ऐकू गेलं असतं.

"म्बाक, फाईलींत कचरा होता हो," तो म्हणाला. "पानापानावर ओरखडे. सगळं गुळगुळीत करून दिलं. त्याचा एक रुपिया लावला नाही."

"ओरखडे? अरे शहाण्या, अकरा वर्षं डोळे फोडून काढलेत ते! चेहऱ्यावर उंचवटा दिसतो म्हणून बापाचं नाक घासून काढशील का?"

आरडाओरडा ऐकून काजी आले. "म्बाक, परवा ट्रक येतोय. खुतबा ऐकायला आलेला माणूस पानं मोजतो काय?"

"मग कोरायचं कशाला, पाक काजी? साधी फळी ठोका. नाहीतर बटण तुम्ही दाबा. माझ्या नावावर कोबी खपवणार नाही मी!"

काजी पानावर वाकले. तेही एकेकाळचे कोरणारेच. सवयीने त्यांनी अंगठ्याचं नख पानावरून ओढलं. नख कुठेच अडलं नाही, सरळ घसरून फळीच्या कडेला गेलं. त्यांनी पुन्हा ओढलं. मग नजर चुकवत म्हणाले, "विचार त्याला, परत किती वेळ लागेल."

"मूळ फाईली आहेत ना? की त्याही धुतल्यास?" ती फोनवर गरजली.

"आहेत, आहेत. पण सगळ्या रेघा ठेवल्या तर फाईल दहापट जड होईल. तुमचं यंत्र धापा टाकेल."

"टाकू दे. मी चौतीस वर्षं टाकतेय."

दुपारच्या नमाजानंतर एका पानाची फाईल आली. तिने टाकाऊ तुकड्यावर ते पान कोरून पाहिलं. रेघा होत्या. टोकाशी दोन रेघा मात्र एकमेकींत मिसळल्या होत्या.

"एवढं पटाशीने मोकळं करीन," ती म्हणाली. मनगट चोळत म्हणाली. मग फोनमध्ये, "आणि उरलेली तीनशे? एकेक करायचं, मला दाखवून. मी हो म्हटल्याशिवाय पुढचं पान उघडशील तर बघ!"

काजी हसायला गेले. तिने असं बघितलं की त्यांनी हसू खोकल्यात लपवलं.

वाया गेलेली फळी तिने एकटीने उतरवून भिंतीला टेकवली, कोरी बाजू बाहेर ठेवून. त्यानंतर पाना घेतला, बोथट झालेलं पातं सोडवलं आणि नवं बसवू लागली.