मोगरा जास्त झाला

पुष्पाच्या साबणाच्या टोपात अर्धी बाटली मोगरा मीच ओतला. तिने सुगंधी तेल मापून घातलं, साचे आणायला ती आत गेली आणि मी ढवळत बसलो. सारखा एकच वास घेऊन नाक थकतं, हे मला कुठलं ठाऊक! मोगऱ्याचा वास काही येईना. म्हटलं, बिचारीने काटकसर केलेली दिसते.

बाटलीसोबतच्या कागदावर स्पष्ट होतं: साबणात किलोला तीस ग्रॅमच्या वर नको, अंगाला लावून ठेवायच्या तेलात तर त्याहून पुष्कळ कमी. तो इंग्रजी कागद तिला मीच वाचून दाखवला होता. वाचणं हा माझा पेशा, ऐकलं मात्र पुष्पाने.

पुष्पा साखरशेतची. पावसाच्या तोंडावर मोहाच्या बिया वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या, डोक्यावरून जव्हारच्या घाण्यावर न्यायच्या; त्या तेलाचाच हा साबण. मग भाताची आवणी, मग कापणी, आणि दिवाळी सरली की नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टी. "मास्तर, गुडघं माझ्याआधी म्हातारं झालं," असं ती सांगते, आणि आपण हसावं की नाही ते कळत नाही. यंदा नाशिकच्या एका दुकानदाराने तिचा साबण मागितला होता. हा माल गेला तर ती भट्टीवर जाणार नव्हती. एक हिवाळा घरी, एवढीच हौस.

महिनाभर वड्या सुकल्या. पहिली वडी पुष्पाने आणि तिच्या जावेने, तानीने, हाताला घासून बघितली. संध्याकाळपर्यंत दोघींच्या हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे.

"वास नवरीचा अन् खाज खाजकुयलीची!" मी मोगऱ्याचं कबूल केलं तशी तानी हात खाजवत म्हणाली. "मास्तर, तू लग्नात अत्तर लावाया नको येऊ."

मी मान खाली घातली. पण नमुन्याची वडी नाशिकला आधीच पोचली होती, आणि दुकानदाराचा मला फोन आला: "असाच घमघमाट पाहिजे! गिऱ्हाईक वासावर घेतं." मी मिळेल ती जीप पकडून साखरशेत गाठलं.

पुष्पा वड्या पोत्यात भरत होती. सगळं ऐकून म्हणाली, "नाय द्यायचा."

"अगं, त्याला चालतंय!"

"त्याच्या अंगाला कुठं लावायचाय?"

"मग नवीन कर."

"मोहाचं तेल संपलं. पुढल्या साली बिनवासाच्या साबणात यातला थोडा थोडा किसून मिसळू."

"आणि भट्टी?"

"जाईन. दरसाल जातंच ना." ती पोत्यावरच टेकली. चट्ट्यांवर खोबरेल चोपडलं होतं, डोळे मिटत होते.

मला राहवेना. "हे बघ, अंगाचा म्हणून नको. कपड्यांचा साबण म्हणून देऊ. कपड्यांना कुठली आलीय खाज?"

पुष्पाने डोळेही उघडले नाहीत.

"कपडं पण हातानंच धुतात, मास्तर."