जावय, झांज वाढवा

पनवेल तालुक्यात आजवर कोणालाही, कशालाही, कुठल्याही परिस्थितीत 'छान' न म्हटलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमच्या लग्नात स्टेजवर येणारा प्रत्येक जण 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' म्हणून जेवायला पळत होता. मामा आले, आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "जावय, फेटा डावीकडं कलतोय." फोटोत तो खरोखरच कललेला आहे. पुढे आमच्या मुलीच्या बारशाला सगळ्या बायका नावाचं कौतुक करत होत्या, तेव्हा मामांनी पाळण्यात एक नजर टाकली आणि निकाल दिला, "नाव लांब हाय. खालून हाक मारून बघा, तिसऱ्या मजल्यावर पोचणार नाय." तेही खरंच आहे. आम्ही तिला अजून चिनू म्हणूनच हाक मारतो.

मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो हे कळायला आधी माझा छंद सांगितला पाहिजे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे गेम असत. त्यांच्या मागे ज्या टुणटुण धुना वाजायच्या, त्या मी उचलतो आणि लॅपटॉपवर त्यांना नवे कपडे चढवतो. एखादीला बासरी, एखादीला ढोलकी, एखादीला अख्खा ऑर्केस्ट्रा. याला रिमिक्स म्हणतात. एरवी मी विम्याचे क्लेम तपासतो. बायकोच्या मते हे चाळिशीचं एक लक्षण आहे आणि औषध न घेता आपोआप जाईल. पण असे लोक जगात बरेच आहेत, आणि त्यांतले काही चक्क आमच्या आसपास निघाले: जुन्या पनवेलात टाइल्सचं दुकान चालवणारा रिझवान, नवीन पनवेलच्या एक डेंटिस्टबाई आणि रोडपालीचे एक प्राध्यापक. आम्ही ग्रुपवर एकमेकांना धुना पाठवायचो आणि एकमेकांना अंगठे दाखवायचो. 'मस्त', 'एक नंबर', 'अंगावर काटा आला'. डेंटिस्टबाईंच्या एका धुनेत चुकून शेवटचं मिनिटभर काहीच वाजत नव्हतं. त्यावरही प्राध्यापकांनी 'शेवट विशेष भावला' असं लिहिलं होतं. कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत होतं आणि सुधारत कोणीच नव्हतं.

एकदा मामांच्या विचुंब्याच्या घरी जेवायला गेलो असताना माझ्या फोनवर माझीच एक धून वाजली. मी तिच्यात सतार घातली होती आणि ती मूळ कुठली आहे हे कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही अशी माझी समजूत होती. मामा हात धुता धुता म्हणाले, "बोटीच्या गेमची हाय. दुसरी लेवल. पण जावय, तुमी बोट गच्चीवर चालवताय. पाणी कुठाय?" मी थक्क झालो. मग कळलं की उरणकडच्या मिठागराच्या घराण्यातले हे गृहस्थ तरुणपणी एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर चालवायचे. पोरं खेळून तशीच पळून जाऊ नयेत म्हणून दाराकडे तोंड आणि मशिनींकडे पाठ करून ते बसत. त्यामुळे आयुष्यात त्यांनी एकही गेम धड पाहिला नाही, पण ऐकले सगळे. "कोण पोरगा कुठल्या लेवलला मेला ते मला पाठीला समजायचं," असं ते सांगतात. पुढे पार्लरचे दिवस संपले. मग मामांनी मोठाले स्पीकर घेतले आणि हळदी, साखरपुडे, गणपती यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. कित्येक वर्षं ते त्या स्पीकरांच्या भिंतीला टेकून उभे राहिले. आता धंदा सोडलाय, पण त्यातले दोन स्पीकर अजून त्यांच्या हॉलमध्ये आहेत आणि सोफ्याला त्यामुळे जागा नाही.

मी हे ग्रुपवर सांगितलं आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी विचुंब्याला जमायचा आमचा पायंडा पडला. मामा स्पीकरकडे आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसत. त्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही असं त्यांचं म्हणणं. धून वाजून संपे. मग भिंतीलाच सांगितल्यासारखा निकाल येई. प्राध्यापकांना म्हणाले, "मास्तर, तुमची धून आली, बसली, पाणी प्याली. बोलली काय नाय." डेंटिस्टबाईंनी एकाच धुनेत भरमसाट वाद्यं कोंबली होती. त्यांना म्हणाले, "डॉक्टरीनबाय, एवढे दात एका तोंडात बसतात काय? उपटा थोडे." रिझवानला तर त्यांनी सुरुवातीलाच थांबवलं.

"रिझवान, पोरगा पहिल्या लेवललाच मेला की रे."

"मामा, खुदा कसम, पुढे जबरदस्त आहे. जरा ऐका तरी."

"पुढचं पुढं. आधी त्याला जगव."

बिचारा रिझवान महिनाभर त्याला जगवत बसला. पण जगवला. आम्ही सगळेच घरी जाताना मामांना मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि घरी पोचल्यावर त्यांनी सांगितलेलं मुकाट्याने करायचो, कारण केल्यावर धून खरोखर उठून बसायची.

माझ्या बाबतीत मात्र मामांची फार पंचाईत व्हायची. मी जावई. जावयाला तोंडावर वाईट म्हणायचं नाही, हे त्यांच्या घरात इतकं पक्कं की त्यापुढे त्यांचा स्वभावसुद्धा हात टेकतो. त्यावर त्यांनी वाट काढली. माझी धून संपली की ते मान वळवून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत. "रिझवान, जावय बसलेत म्हणून बोलत नाय. पण हीच धून तू आणली असतीस ना, तर तुला जिना दाखवला असता." एवढं बोलून त्यांना माझ्याबद्दल इतकं अपराधी वाटे, की लगेच आत मामींना हाक जाई आणि जेवणाचा बेत वाढे. धून बेताची असेल तर अंडाकरी. वाईट असेल तर सुरमई. एकदा मी कराटेच्या गेमची धून शहनाईवर बसवली होती. त्या दिवशी सुरमई, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वर घरी न्यायला डबा. डबा उघडून बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा, इतकं वाईट होतं?"

मग झांजेचे दिवस आले. ड्रममधल्या त्या पातळ थाळीला, जी वर चीं-चीं करत ताल धरते, मामा झांजच म्हणतात. एका रविवारी ते प्राध्यापकांना म्हणाले, "झांज ऐकू येत नाय. वाढवा." प्राध्यापकांनी वाढवली. पुढच्या खेपेला डेंटिस्टबाईंना तेच. मग रिझवानला. मग रिझवानमार्फत मला. दर महिन्याला झांज वाढवून न्यायची आणि दर महिन्याला ती कमीच पडायची. आम्हाला वाटलं, आमचे कान अजून तयार नाहीत. आम्ही इमानेइतबारे वाढवत गेलो. रिझवानच्या दुकानातली गिऱ्हाइकं टाइल्स न बघता बाहेर पडू लागली. डेंटिस्टबाईंनी दवाखान्यात आपली नवी धून लावली, तर खुर्चीतला पेशंट म्हणाला, "मॅडम, मशीन तोंडात घालायच्या आधी सांगा ना." परदेशातल्या एका रिमिक्सवाल्याने तर आम्हाला विचारलं की तुमच्या पनवेलमध्ये सगळ्यांच्याच धुनांमधून भांडी का पडतात? आम्ही त्याची कीव केली. त्याला कुठून असणार मामेसासरा!

त्यानंतरच्या रविवारी रिझवान फार खुशीत आला. त्याने बोटीच्या गेमची धून केली होती, "खास मामांसाठी." शेवटी एकेक वाद्य गप्प होत जातं आणि नुसती झांज उरते, अशी त्याची कल्पना. धून सुरू झाली. बासरी गेली, ढोलकी गेली, बेस गेला आणि झांज एकटी उरली. ती इतकी जोरात होती की प्राध्यापकांनी दोन्ही कानांत बोटं घातली, डेंटिस्टबाईंनी पदर कानावर ओढला, आणि खाली गल्लीत कुत्रं केकाटायला लागलं. तेवढ्यात मामा खुर्चीतून वळले. आम्ही घाईघाईने हात खाली घेतले.

"संपली?" त्यांनी विचारलं. "शेवट बरा केलास. हळूच थांबवलीस."

झांज चालूच होती. हॉलमधल्या काचा थरथरत होत्या. रिझवानने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां मामा. संपली." त्या घरात आमच्यापैकी कोणी कोणाशी पहिल्यांदाच खोटं बोललं होतं. मामा खूश झालेले दिसत होते आणि मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना.

निघताना मामी जिन्यापर्यंत आल्या. "मला माहीत हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बेल वाजली तर मीच उठते. ते म्हणतात बेल बिघडलीय. दोनदा बदलली." मी म्हटलं, मामी, त्यांना सांगायला हवं, कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. मामी म्हणाल्या, "मी सांगितलं तर घर डोक्यावर घेतील. पोरांनी सांगितलं तर पोरांना हाकलतील. तुमी सांगा. तुमी जावय हाय, तुमाला ते उलट बोलणार नाय." सासुरवाडीने इतकी वर्षं जो मान मला दिला होता, तो असा एकदम वसूल होईल याची मला कल्पना नव्हती. आम्ही चौघांनी ग्रुपवर पुष्कळ खल केला. न सांगावं तर या खऱ्या माणसाला आम्ही दर महिन्याला गोड फसवणार. सांगावं तर कानांच्या जिवावर जगलेल्या माणसाच्या हातात काय उरणार? शेवटी रिझवानने लिहिलं, "मामांनी आपल्याला कधी फसवलं का?"

मी एका दुपारी एकटाच गेलो. मामा फडक्याने स्पीकर पुसत होते. सरळ सांगायचा धीर होईना, म्हणून मी त्यांचीच रीत धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणालो, "मामी, मामा बसलेत म्हणून बोलत नाही, पण..."

"जावय," मामा म्हणाले, "तिला कशाला सांगता? मला सांगा."

मग मी सांगितलं. "मामा, त्या रविवारी रिझवानची धून संपली नव्हती. झांज वाजत होती. तुम्हाला ऐकू आली नाही."

फडकं थांबलं. "बारीक असेल."

"नाही मामा. कानात बोटं घालून बसलो होतो आम्ही."

"आणि आधीच्या? तुमी सगळे वाढवत होते त्या?"

"सगळ्याच कर्कश झाल्या आहेत."

मला वाटलं होतं, मान वगैरे बाजूला ठेवून ते आता मला जिना दाखवतील. पण ते खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे पोरांच्या धुना मी नासवल्या." स्वतःच्या कानांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि रिझवानला, प्राध्यापकांना, डेंटिस्टबाईंना एकेक करून फोन लावला. प्रत्येकाला एकच सांगितलं, "झांज निम्मी कर. चूक माझी होती." रिझवान पलीकडे रडत होता की काय, कोण जाणे. मामांना ते ऐकू आलं नसावं.

डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून दिलं. आता त्यांना बेल ऐकू येते, मामींची हाक ऐकू येते. वरचा तो पातळ आवाज मात्र गेला तो गेलाच, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मामा हॉलमध्ये बसलेच नाहीत. "तुमी ऐका, मला आता त्यातलं काय कळत नाय," म्हणून भाजी निवडायला आत गेले. आम्ही एकमेकांच्या धुना ऐकल्या आणि एकमेकांना छान म्हटलं. एवढा उदास रविवार मी क्वचितच पाहिला असेल.

परवा मी काही कामाने विचुंब्याला गेलो होतो. चहा झाल्यावर मामा आपणहून म्हणाले, "ती बोटीची हाय का तुमच्याकडं? तुमी केलेली नको. पार्लरमधली, अस्सल." माझ्याकडे होती. मी लावली. मामा डोळे मिटून ऐकत होते, आणि थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून बारीक 'छिस्स, छिस्स' ऐकू यायला लागलं. जे त्यांच्यापर्यंत येत नव्हतं ते ते आठवणीतून वाजवत होते. फक्त ताल किंचित घसरला होता. प्रत्येक ठोका एक पाऊल उशिरा पडत होता. कौतुकाने गप्प बसणं अगदी सोपं होतं. मामी दारात उभ्या होत्या आणि नजरेने मला गप्पच राहा म्हणत होत्या.

"मामा," मी म्हटलं, "झांज मागे पडतेय."

त्यांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जागा झाल्यासारखा वाटला. "किती?"

"अर्ध्या मात्रेने."

"मग परत लावा," ते म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे वळवून सरसावून बसले. मी धून पहिल्यापासून लावली आणि त्यांना दिसेल असा मांडीवर हाताने ठेका धरला.